विषय: कॉलेजच्या गणितासाठी सुट्टीत ट्यूशन लावावी का?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीने यंदा एपी कॅल्क्युलस बीसीची (अमेरिकेत शाळेत असतानाच देता येणारी कॉलेज-पातळीची) परीक्षा दिली असून सप्टेंबरपासून ती इंजिनिअरिंगला जाणार आहे. जून-जुलै ती गोव्यात फोंड्याला आजीकडे असेल. तेवढ्यात तिथे ट्यूशन लावून पुढच्या वर्षाचा भाग आधीच करून घ्यावा, असे घरात चालले आहे. यादीवर फोंड्याचे गणिताचे सर आहेत. त्यांनी मत कळवल्यास आभारी राहीन.

—

ताईंस नमस्कार.

पुढचा भाग उरकण्यासाठी ट्यूशन लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेज असल्यामुळे फोंड्यात शिकवणारे हवे तेवढे मिळतील, प्रश्न तो नाही. पहिल्या वर्षाला अडणारी मुले नव्या विषयापेक्षा जुन्या बीजगणितावरच अधिक अडतात. इंटिग्रेशनची युक्ती अचूक सुचलेली असते आणि शेवटच्या दोन-तीन ओळींत √(क्ष²) च्या जागी नुसता क्ष लिहिला जातो. तिथे |क्ष| हवे, कारण क्ष ऋण असला की उत्तराचे चिन्हच उलटते. अपूर्णांक, घातांक, लॉगॅरिदम आणि त्रिकोणमितीची सूत्रे कॅल्क्युलेटरला हात न लावता सरावाने हाताखालून गेली पाहिजेत. अमेरिकेतल्या मॅथेमॅटिकल असोसिएशन आणि गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेनेही २०१२ च्या संयुक्त निवेदनात हेच सुचवले होते की, शालेय गणिताचे अंतिम उद्दिष्ट बारावीपर्यंत कॅल्क्युलस संपवणे हे नसून पुढच्या शिक्षणाचा पाया घालणे हे असावे.

दुसरी उणीव सिद्धतेची, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. मुलीला विचारून पाहा: क्ष शून्याकडे जाताना (साइन क्ष)/क्ष चे लिमिट १ का येते? ती बहुधा लोपिताल नियम लावून, वरखाली डेरिव्हेटिव्ह घेऊन, क्षणात उत्तर देईल. मग विचारा, साइनचे डेरिव्हेटिव्ह कोसाइन येते हे कशावरून? ते व्याख्येवरून सिद्ध करायला निघाले की हेच लिमिट आधी लागते, म्हणजे आपण गोल फिरून जिथल्या तिथे आलो. आपल्याकडे अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकात हे लिमिट एकक वर्तुळातल्या दोन त्रिकोणांच्या आणि त्यांच्या मधल्या वर्तुळपाकळीच्या क्षेत्रफळांची तुलना करून काढले आहे. ती आकृती तिने स्वतः काढून प्रत्येक पायरीचे कारण पूर्ण वाक्यात लिहावे. महिनाभराच्या ट्यूशनपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल. एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची काटेकोर व्याख्या, एपीच्या अभ्यासक्रमात नाही, पण कॉलेजात शुद्ध गणिताचा एखादा विषय घेतलाच तर ते समोर येतेच, आणि अशा लिखाणाची सवय नसलेल्या मुलांना तिथे धाप लागते.

पुस्तक मात्र जुने मिळवा. २०२२ मध्ये अभ्यासक्रम हलका करताना अकरावीतून मॅथेमॅटिकल इंडक्शन आणि मॅथेमॅटिकल रीझनिंग ही दोन्ही प्रकरणे वगळली गेली. नेमके सिद्धता शिकवणारेच भाग कसे जड वाटले, हे मला अजून उमगलेले नाही. नात्यात कोणी त्याआधी हायर सेकंडरी केली असेल, तर माळ्यावर शोधा.

एपीत चांगले गुण आले, तर क्रेडिट घेऊन (म्हणजे तो विषय झालाच असे कॉलेजात धरून घेऊन) पहिला कॅल्क्युलस टाळायचा की नाही, हेही पुढे विचाराल. तिच्या कॉलेजच्या त्या विषयाची जुनी अंतिम प्रश्नपत्रिका मिळाल्यास घड्याळ लावून, कोणाची मदत न घेता सोडवायला सांगा. ती नीट जमली तर क्रेडिट जरूर घ्यावे. नपेक्षा पहिल्याच वर्गात बसण्यात कमीपणा मानू नये.