‘मी’ की ‘प्रस्तुत संशोधक’?

काकपद: एका इंग्रजी प्रबंधाचं मराठी भाषांतर सुरू आहे. मूळ लेखिका सगळीकडे प्रथमपुरुषी एकवचनात लिहिते, म्हणून ‘मी’ ठेवलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘प्रस्तुत संशोधक’ केलं आणि समासात शेरा मारला: ‘प्रबंधात मी नसतो.’ मराठीत असा नियम आहे का?

पूर्णविराम: व्याकरणात नाही. ही रीत आहे, आणि अडचणीची आहे. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात एखाद्या अभ्यासकाचं मत देऊन लगेच ‘प्रस्तुत संशोधकास हे मान्य नाही’ लिहा. कोणाला मान्य नाही? ‘प्रस्तुत’ म्हणजे ‘समोर असलेला, चालू’. मग आत्ताच ज्याचा उल्लेख झाला तोही प्रस्तुतच की!

उकार: रीत उगाच पडलेली नाही. नवशिक्याच्या हातात ‘मी’ दिला की ‘मला वाटतं’ची रांग लागते. तृतीयपुरुष त्याला पुराव्याकडे वळवतो.

पूर्णविराम: ‘संशोधकास वाटते’ असं लिहिल्यानं वाटण्याचा पुरावा होतो का? निष्कर्षांत ‘आढळले’, ‘दिसून येते’ पुरतं, तिथे कर्त्याची गरज नाही. पण पद्धतीच्या प्रकरणात ‘नमुना निवडण्यात आला’ म्हटलं की निवडीची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. तिथे ‘मी निवडला’च हवं. गंमत म्हणजे दोनशे पानं तृतीयपुरुषात लिहून घ्यायची, आणि तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न, ‘तुम्ही हा विषय का घेतलात?’

अनुस्वार: लिंगाचं काय? ‘मी २० मुलाखती घेतल्या’ यात क्रियापद मुलाखतींमागे जातं, लिहिणारा की लिहिणारी ते कळत नाही. वर्तमानकाळात ‘मी मानतो / मानते’ आलं की लगेच उघड. ‘प्रस्तुत संशोधक मानतो’ केलंत तर मूळ लेखिकेचा चक्क पुरुष झाला. ‘माझ्या मते’ किंवा ‘मला आढळलं’ घेतलं तर दोन्ही टळतं.

उकार: ‘संशोधिका’ आहे की. लेखक-लेखिका, गायक-गायिका, तसंच.

अनुस्वार: रूप बरोबर आहे, पण कामाच्या नावाला लिंग कशाला चिकटवायचं? ‘संशोधक मानतात’, आदरार्थी अनेकवचन, प्रश्न मिटला.

उकार: स्वतःच स्वतःला आदरार्थी? त्यापेक्षा ‘आम्ही’ बरं.

पूर्णविराम: एकट्याचं ‘आम्ही’ वाचून वाचक सहलेखक शोधत बसतो.

इकार: ‘शोधार्थी’ का नको? विद्यार्थीशी नातंही राहतं.

पूर्णविराम: ती हिंदीची गरज. तिथे ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती; आपण जिला घटनादुरुस्ती म्हणतो ते त्यांचं ‘संविधान संशोधन’. म्हणून त्यांना ‘शोध’ आणि ‘शोधार्थी’ लागतात. मराठीत शोध हरवलेल्या वस्तूचा घेतात किंवा नव्या गोष्टीचा लावतात. शिवाय ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा, मागणारा. संशोधक करणारा असतो. प्रवेशअर्जावर ‘संशोधक विद्यार्थी’ असतो तोवर ठीक, पण प्रबंधातही तो मागणाराच ठेवायचा?

इकार: सम् + शुध्, म्हणजे नीट शुद्ध करणं. मुळाशी हिंदीच जास्त प्रामाणिक निघाली.

उकार: मुळावरून अर्थ ठरवायचा तर निम्मा शब्दकोश फेकावा लागेल.

अनुस्वार: काकपद, ‘मी’ परत आणायचा झाल्यास संगणकातलं शोधा-बदला (find-replace) एका फटक्यात चालवू नका, ‘संशोधकाने’चं ‘मीाने’ होईल. आधी लांब रूपं घ्या: ‘प्रस्तुत संशोधकाकडून’चं ‘माझ्याकडून’, ‘-काने’चं ‘मी’, ‘-काला’ आणि ‘-कास’ यांचं ‘मला’, ‘-काचा/ची/चे’चं ‘माझा/माझी/माझे’. नुसतं ‘प्रस्तुत संशोधक’ सर्वांत शेवटी, आणि ते हातानं, कारण तिथे ‘मानतो’चं ‘मानते’ही करायचंय. ‘प्रस्तुत’ शोधशब्दात हवाच, नाहीतर आढाव्यातले इतर संशोधकही ‘मी’ होतील.

काकपद: पण तपासणाऱ्यांना उत्तर काय देऊ?

इकार: पूर्णविराम, ‘शोधार्थी’ हिंदी म्हणून नको, मग ‘शोधनिबंध’ आणि ‘शोधप्रबंध’ कसे चालतात?

पूर्णविराम: रुळलेत म्हणून.

इकार: ‘प्रस्तुत संशोधक’ही रुळलाय.