सगळे ट्रॅक विकत घेतलेत, तरी मिक्सवर क्लेम कसे आले?

बेसलाईन_रात्री:
नमस्कार मंडळी. दीड तासाचा डीजे सेट (ट्रॅक एकमेकांत मिसळून केलेला मिक्स) रेकॉर्ड करून परवा यूट्यूबवर टाकला. २६ ट्रॅक, सगळे पैसे मोजून घेतलेले, पावत्यासुद्धा जपून ठेवल्यात. तासाभरात ४ क्लेम (संगीताच्या मालकांचे हक्काचे दावे) आले आणि काही देशांत व्हिडिओ दिसेनासा झाला. हाच सेट क्लबमध्ये वाजवला तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता. मग लायसन्स नेमकं कुणी काढायचं? पुढच्या महिन्यात लाइव्ह स्ट्रीमही करायचाय.

लूप_मास्तर:
पिच (गाण्याचा सूर) २ टक्के वर कर आणि खाली लिही, 'सर्व हक्क मूळ मालकांचे'. माझे दोन मिक्स असेच टिकलेत.

जुनी_तबकडी:
लूप_मास्तर, हा सल्ला नको देऊस, पोरं अडकतात. यूट्यूबची कॉन्टेंट आयडी, म्हणजे गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा, २००७ पासून चालू आहे, पिच थोडी सरकवल्याने ती हमखास चुकत नाही. आणि चुकली तरी ती परवानगी ठरत नाही. हक्क मालकाचे आहेत असं आपणच लिहून दिल्यावर तर बोलायलाच जागा उरत नाही.

बेसलाईन, एका ट्रॅकमध्ये दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही रचना. ती गीतकार-संगीतकाराची, किंवा त्यांच्या पब्लिशरची. ध्वनिमुद्रण वेगळं, ते बहुधा लेबलचं. तू पैसे दिलेस ते स्वतः ऐकण्यासाठी. चार लोकांसमोर वाजवणं, वाजवण्यासाठी कॉपी काढणं आणि इंटरनेटवर चढवणं, या तिन्हींची परवानगी वेगवेगळी.

वाजवण्याचं लायसन्स बहुतेक ठिकाणी जागेचा मालक काढतो, म्हणून क्लबमध्ये तुला कुणी विचारलं नाही. पण नियम देशागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये २०१८ पासून पीआरएस (रचनेचे पैसे गोळा करणारी संस्था) आणि पीपीएल (ध्वनिमुद्रणाची) मिळून एकच लायसन्स देतात. अमेरिकेत बारमध्ये रेकॉर्ड वाजली तर पैसे फक्त रचनेचे द्यावे लागतात, ध्वनिमुद्रणाचे नाही. भारतात रचनेसाठी आयपीआरएस ही संस्था आहे, ध्वनिमुद्रणाचे हक्क दुसऱ्या संस्थांकडे. जर्मनीत गेमा ही तिथली हक्कसंस्था २०१३ पासून डीजेकडूनच कॉपीचे वेगळे पैसे घेते. तेव्हा बाहेरगावी गिग (वाजवण्याचा कार्यक्रम) असेल तर आयोजकाला लेखी विचार, 'लायसन्स कुणाच्या नावावर आहे?' तोंडी 'आहे, आहे' वर विसंबू नकोस.

अपलोडला मात्र क्लबचं लायसन्स अजिबात चालत नाही. मीही याच भ्रमात होते. एका साइटवर माझे ६१ मिक्स होते. क्लेम आले की मी रागाने, न वाचता, प्रत्येकावर हरकत नोंदवायचे. एका आठवड्यात खातं बंद झालं. सहा वर्षांचं काम गेलं, त्यातले बरेचसे सेट माझ्याकडेही उरले नव्हते. नंतर शांत डोक्याने तपासलं तर क्लेम खरेच होते. एका मिक्समध्ये मी कुठून तरी उतरवलेला नुसता गायनाचा ट्रॅक दुसऱ्या तालावर चढवला होता. त्या गायिकेला मी विचारलंही नव्हतं. ते मला आजही टोचतं.

म्हणून आधी क्लेम कसला ते वाच. क्लेम म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनलला मिळणारी कॉपीराइटची ताकीद, नव्हे. क्लेममध्ये मालक एक तर कमाई घेतो, किंवा नुसता हिशोब ठेवतो, किंवा ब्लॉक करतो. स्ट्राइक ९० दिवसांत ३ झाले की चॅनलच जाऊ शकतं.

डीजे मिक्ससाठी मिक्सक्लाउडसारख्या साइट्सनी हक्कधारकांशी करार केलेत, तिथे टाकणं बरं. फक्त एकाच कलाकाराचे ढीगभर ट्रॅक नकोत. अमेरिकेच्या कायद्यात इंटरनेट रेडिओला ३ तासांत एका कलाकाराचे ४ आणि एका अल्बमचे ३ ट्रॅक अशी मर्यादा आहे, त्याच धर्तीवरचे नियम तिथे भेटतील. लाइव्हसाठी ट्विच या स्ट्रीमिंग साइटने २०२४ मध्ये डीजेंसाठी वेगळी योजना आणली. त्यात थेट प्रक्षेपण येतं, मागे साठवलेला व्हिडिओ येत नाही. स्ट्रीम संपला की रेकॉर्डिंग ठेवू नकोस.

लूप_मास्तर:
मान्य. माझे दोन्ही मिक्स काढतो. आठ मात्रांपर्यंत वापरलं तर चालतं, असंही ऐकलं होतं.

जुनी_तबकडी:
तशी सूट कुठल्याच कायद्यात नाही. छोटा तुकडासुद्धा ओळखू येतो, म्हणूनच तर आपण तो घेतो ना?

बेसलाईन_रात्री:
ताई, आत्ता बघितलं. तिघांनी कमाई घेतलीय, एकाने ब्लॉक केलंय. ब्लॉकवाला ट्रॅक एका लहान लेबलचा आहे.

जुनी_तबकडी:
तिघांना हात लावू नकोस. चौथ्याला सरळ मेल कर, कितव्या मिनिटाला त्यांचा ट्रॅक येतो तेही लिही. लहान लेबलं उत्तर देतात, मला तिघांनी लेखी होकार दिलाय. नाही म्हणाले तर तेवढा भाग काप.

आणि क्लबला सेटलिस्ट, म्हणजे वाजवलेल्या ट्रॅकची यादी, दिलीस का? माझ्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी गोष्ट. क्लब लायसन्सचे पैसे भरतो, पण त्या रात्री काय वाजलं हे संस्थेला कळलंच नाही तर वाटप नमुन्याच्या याद्यांवरून होतं आणि पैसा आधीच गाजलेल्या नावांकडे जातो. ज्याच्या ट्रॅकवर तू फ्लोअर पेटवलास, त्याच्या हाती काहीच येत नाही.

बेसलाईन_रात्री:
नाही दिली. आज बसतो. दोन ट्रॅकचे मूळ संगीतकार मात्र मला माहीत नाहीत.

जुनी_तबकडी:
फाइलच्या टॅगमध्ये आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-कोड, आहे का बघ, १२ अक्षर-आकड्यांचा असतो. तो मिळाला की रेकॉर्डिंग नक्की कुठलं ते कळेल, तिथून रचनाकार शोधता येईल. नाही सापडला तर दोन्ही नावं इथे टाक, मी बसते शोधायला.