अनुभव धागा: काल चालणारं व्हीपीएन आज का चालेना?

ऑफिसचं असो की घरच्या मशीनपर्यंत पोचायला स्वतः उभं केलेलं असो, व्हीपीएन (इंटरनेटवरून दूरच्या नेटवर्कात शिरायची बंदिस्त वाट) काल रात्रीपर्यंत चालत होतं आणि आज मान टाकलीय, हे बहुतेकांच्या वाट्याला आलेलं असणार. बिघाड कशात होता आणि तो सापडला कसा, ते इथे लिहा. 'रीस्टार्ट केलं, झालं' एवढंच असेल तर तसदी नको. कुठलंही सेटिंग न हलवता बंद पडलेल्यांचे किस्से खास हवेत. माझं मत विचाराल तर खोट बहुतेक वेळा व्हीपीएनच्या बाहेरच निघते.

माझाच किस्सा आधी. पुण्याच्या घरी रास्पबेरी पाय (छोटासा संगणक, पुढे नुसता 'पाय'), त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएन. बाहेरून फोन जोडायला गेलो तर हँडशेकच (दोन टोकांची सुरुवातीची ओळख) होईना. घरच्या वायफायवरून मात्र लगेच जोडलं जायचं, म्हणजे पाय ठणठणीत. राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूच्या) पानावर पत्ता पाहिला तर १००.७२ने सुरू होणारा, आणि 'माझा आयपी' सांगणाऱ्या साइटवर भलताच. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला की समजा, आपल्याला इंटरनेट कंपनीने सीजीनॅटच्या मागे टाकलंय. त्यात एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, मग आपल्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं आतल्या यंत्राकडे वळवणं) करून कितीही डोकं आपटा, बाहेरून कोणी आत येत नाही. कस्टमर केअरवाला "सर, राउटर ऑफ-ऑन करा"च्या पुढे सरकेना. वरच्या माणसाने मग सांगितलं की बदल झालाय, स्टॅटिक (न बदलणारा) आयपी हवा तर वेगळे पैसे. मी आयपीव्ही६ने (नव्या पद्धतीचे पत्ते, त्यात अशी वाटणी लागत नाही) वाट काढली, राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढं एक पोर्ट उघडलं.

चिपळूणची पाहुणी
माझं ऑफिसचं. कनेक्टेड म्हणून हिरवी खूण, चॅट चालतंय, पण मेलची अटॅचमेंट किंवा रिमोट डेस्कटॉप उघडला की गोल गोल फिरत बसायचं. आयटीवाले म्हणणार, "आमच्याकडून तुम्ही जोडलेल्या दिसताय." तेही खरंच! मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळं सुरळीत, म्हणून संशय घरच्या लाइनवर. नवीन कनेक्शन पीपीपीओईवालं (लॉगिन करून जोडणारं) होतं. त्यात प्रत्येक पाकिटातले ८ बाइट जातात, १५००चे १४९२ उरतात, वर व्हीपीएनचं स्वतःचं वेष्टण. छोटी पाकिटं जातात, मोठी वाटेत गळतात. एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १३५०वर आणलं आणि सुटले. 'जोडलंय पण चालत नाही' असं झालं की पहिलं हेच बघा.

जावईबापू
नागपूरला सासुरवाडीहून व्हीपीएन लावून घरच्या नॅसवरचे (नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीवरचे) फोटो दाखवायला १९२.१६८.१.१० टाकलं, तर सासऱ्यांच्या सीसीटीव्हीचं लॉगिन उघडलं. दोन्ही घरांत १९२.१६८.१च. लॅपटॉप कशाला टनेलमधून (व्हीपीएनच्या वाटेने) जाईल, त्याला त्या नंबरचं यंत्र शेजारच्या खोलीतच सापडलं. परत आल्यावर घरचं नेटवर्क १०.४७वर नेलं.

शेतावरचा सर्व्हर
आमचं कोडं वेगळं. बीडकडे गावी पाय आहे, तो वायरगार्डने भाड्याच्या सर्व्हरला जोडलेला, सगळा ट्रॅफिक तिथूनच. लाइट गेली की लाइट आल्यावरही टनेल बंद, आणि तासाभराच्या आत आपोआप चालू! घरचे म्हणत इन्व्हर्टरचा दोष. लॉग बघत बसलो तेव्हा उलगडलं. या पायला बॅटरीवरचं घड्याळ नाही. तो दर तासाला वेळ कार्डावर लिहून ठेवतो आणि अचानक बंद पडला की तीच जुनी वेळ धरून उठतो. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळ जाते, आणि आधी पाहिलेल्या वेळेपेक्षा मागची वेळ आली की पलीकडचा सर्व्हर ती गुमान टाकून देतो. आता इंटरनेटवरून वेळ जुळवावी, तर तीही वाट टनेलमधूनच! टनेलला वेळ हवी, वेळेला टनेल हवा. घड्याळ चालत चालत शेवटच्या हँडशेकच्या पुढे गेलं की गाडी सुरू. बटणसेलवालं आरटीसी (घड्याळाचं) मॉड्यूल लावलं, वेळेचा सर्व्हर टनेलबाहेर काढला.

रात्रपाळी
ओपनव्हीपीएन. सकाळी एकजात सगळे बाहेर. एकालाच त्रास असेल तर त्याचं मशीन बघा, सगळ्यांना एकदम असेल तर तारखा बघा. रद्द सर्टिफिकेटांच्या (ओळखपत्रांच्या) यादीची, म्हणजे सीआरएलची, मुदत संपली होती, म्हणून सर्व्हर कोणालाच आत घेईना. सर्टिफिकेटं बनवणारं ईझी-आरएसए ती मुळात १८० दिवसांचीच काढतं.

सांगलीची काकू
मी आयटीतली नाही, मुलाच्या डबीची (घरी ठेवलेल्या त्याच्या व्हीपीएनच्या यंत्राची) राखणदार. तो न्यू जर्सीत. डबी बंद म्हणून फोन आला, तर मी म्हटलं परवाच कंपनीचा मुलगा येऊन राउटर बदलून गेलाय. झालं! पोर्टचं सेटिंग जुन्या राउटरबरोबर गेलं. त्याच पोराला परत बोलावलं, चहा दिला आणि कॅलेंडरच्या मागे लिहिलेलं वाचून दाखवलं: यूडीपी, ५१८२०. म्हणाला, "काकू, हे तुम्हाला कसं माहीत?" म्हटलं, "तू भर आधी."

शेतावरचा सर्व्हर
काकू, भारी! नव्या राउटरवर डबीचा आतला पत्ता राखीव करून घेतलात का? नाहीतर लाइट गेल्यावर डबीला दुसरा नंबर मिळेल आणि पोर्ट भलतीकडेच जाईल.

सांगलीची काकू
तेही त्याच्याकडूनच करून घेतलं. चहा उगीच नव्हता दिला.