आफ्रिकेचा वाढता वाटा: नवे संकट की जुन्या असमतोलाची भरपाई?

मूळ मत

जगाच्या लोकसंख्येतील आफ्रिकेचा वाटा वाढत असल्याचे बहुधा धोक्याच्या सुरात सांगितले जाते. हा सूर मला इतिहासाला धरून वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजांनुसार १७५० मध्ये जगातील दर शंभर माणसांपैकी सुमारे १३ आफ्रिकेत आणि २१ युरोपात राहत होती. १९०० मध्ये हेच आकडे ८ आणि २५ झाले. या दीडशे वर्षांत युरोपातील मृत्युदर जन्मदराच्या आधी घसरला, त्यामुळे कोट्यवधी लोक समुद्रापार जाऊन वसले तरी तिथली संख्या वाढतच राहिली. आफ्रिकेतून मात्र लाखो माणसे गुलाम म्हणून नेली गेली. आज आफ्रिकेचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आणि युरोपचा दहाच्या खाली आहे. अपवाद म्हणायचाच, तर तो १९०० च्या स्थितीला म्हणावा.

प्रतिसाद: असहमत

१३ वरून १८ वर जाणे ही भरपाई कशी? शिवाय प्रश्न वाट्याचा नसून वेगाचा आहे. १९५० मध्ये आफ्रिकेत सुमारे २३ कोटी लोक होते, आज ते दीडशे कोटींच्या घरात आहेत. एका आयुष्यात सहापटीहून अधिक झालेल्या लोकसंख्येला शाळा, पाणी आणि रोजगार पुरवताना १७५० चा दाखला उपयोगी पडत नाही.

प्रतिसाद: दोघांशीही असहमत

संपूर्ण खंडाची सरासरी काढली की खरे चित्रच हरवते. ट्युनिशियात एका स्त्रीमागे दोनहून कमी मुले जन्मतात, तर नायजरमध्ये सुमारे सहा. भाकितेही डळमळीत आहेत: २१०० मध्ये नायजेरियाची लोकसंख्या ९१ कोटी होईल असे संयुक्त राष्ट्रांनी २०१२ च्या अहवालात म्हटले होते, आणि २०२४ च्या अहवालात तोच आकडा ४८ कोटींवर आला.

मूळ लेखकाचे उत्तर

वेगाचा मुद्दा मला मान्य आहे; 'भरपाई' हा शब्द मी अपुऱ्या विचाराने वापरला. नायजेरियाच्या उदाहरणातून मात्र मी वेगळा निष्कर्ष काढतो. ४८ कोटी हा आकडादेखील तिथल्या आजच्या लोकसंख्येच्या दुप्पट आहे, कारण आफ्रिकेत निम्मे लोक साधारण १९ वर्षांखालील आहेत आणि पुढच्या वीस वर्षांत ज्या आई होतील त्यांतील बहुतेक मुली आधीच जन्मलेल्या आहेत. जन्मदर उद्या झपाट्याने उतरला, तरी त्या मुलींची संख्या बदलणार नाही. बदलू शकेल ते त्यांचे शिक्षण आणि लग्नाचे वय.