भंडारदऱ्याला दोन दिवस: गुडघे दुखणाऱ्या आईला काय दाखवता येईल?

रेवती_कोथरूड
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन भंडारदऱ्याला जायचं घाटतंय. मी, आई आणि माझा पाचवीतला मुलगा. पुण्याहून आमच्याच गाडीने, दोन रात्री मुक्काम. आई अडुसष्ट वर्षांची आहे. सपाटीवर अर्धा तास चालते, पण चढ आणि पायऱ्या नकोत.

तिचं माहेर शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला. लहानपणी अंगणात उभं राहिलं की सह्याद्रीची भिंत समोर दिसायची. "वरून आमचं गाव कसं दिसत असेल गं?" असं ती अजूनही म्हणते. ते तिला एकदा दाखवायचंच आहे. जी माहिती वाचते त्यात कळसूबाई, रतनगड, सांधण दरी अशा चढ-उताराच्याच जागा. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

भटका_ठाणे
घाटघरच्या कोकणकड्यावर न्या, गाडी बरीच जवळ जाते. रंधा धबधबा तुम्हाला वाटेतच लागेल, राजूर सोडल्यावर, धरणाजवळच्या शेंडी गावाच्या आधी. सांधण या दिवसांत नकोच, घळीत पाणी असतं. मुलगा हट्ट करेल, पण ऐकू नका.

गुरुजी_पाणलोट
ताई, तुमचं वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. अकोले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर मी सव्वीस वर्षं नोकरी केली. त्यातली नऊ वर्षं भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाच्या गावांत.

आधी घाटघरचं सांगतो, कारण तुमचं खरं काम तिथेच आहे. नावाचा घोळ करू नका. हरिश्चंद्रगडावरचा कोकणकडा वेगळा, तिथे गड चढूनच जावं लागतं. हा घाटघर गावाजवळचा. बहुतेक लोक तिथे सूर्यास्ताला जातात, तुम्ही मात्र सकाळीच जा. कड्याचं तोंड पश्चिमेला आहे. संध्याकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि खालचं कोकण नुसतं धुरकट दिसतं. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि खालचं रान, शेतं, रस्ता सगळं वेगळं वेगळं ओळखू येतं. फक्त सप्टेंबरात पहाटेपासून धुकं दरीत भरून असतं. ते साधारण दहानंतर फाटायला लागतं आणि दुपारी ढग पुन्हा वर येतात. म्हणून दहा ते बारा ही वेळ धरा. आईंसाठी घडीची खुर्ची आणि शाल गाडीत टाका. धुकं उठेपर्यंत बसायची तयारी ठेवा. पाच मिनिटं पाहून "काहीच दिसत नाही" म्हणत परत फिरणाऱ्या गाड्या मी खूप पाहिल्यात, आणि दर वेळी जीव हळहळलाय. कडेचं गवत ओलं असतं, मुलाचा हात सोडू नका.

मुलाला तिथली वीज समजावून सांगा. वर घाटघरला एक धरण, खाली चोंढ्याला दुसरं. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून वीज करतात, आणि मागणी कमी असताना तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. माझ्या वर्गातली पोरं विचारायची, "गुरुजी, पाणी वर चढवायला वीज लागते, मग फायदा काय?" तुमचाही विचारेल. उत्तर तयार ठेवा: रात्री पडून राहणारी वीज अशी पाण्यात साठवून ठेवता येते.

तिथून साम्रद गावावरून रतनवाडीला या. साम्रदपाशी गाडी थांबवा, तिथून आजोबाचा डोंगर दिसतो. वाल्मीकींचा आश्रम तिथला आणि लव-कुश त्यांना आजोबा म्हणायचे, ही गोष्ट आईंनी लहानपणी ऐकली असणार.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं. गाडी अगदी जवळ जाते. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम सावकाश पाहा. काळ्या दगडावर शेवाळ असतं, आणि ओल्या दगडात मूर्तींचे दागिने कोरड्यापेक्षा ठळक दिसतात. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं, पिंड दिसली नाही तर नवल वाटून घेऊ नका. जवळच पुष्करणी आहे. तिच्या कोनाड्यांतल्या मूर्ती काठावरूनच पाहा. पायऱ्या उंच आणि निसरड्या आहेत, आईंना खाली उतरू देऊ नका. मागे रतनगड, आणि प्रवरेचा उगमही त्याच डोंगरात.

वाटेत सोनकीचे पिवळे माळ आणि पोटरीत आलेला भात. फोटोसाठी शेताच्या बांधावर चढू नका, ओला बांध पायाखाली ढासळतो आणि खाचरातलं पाणी निघून जातं. मुतखेल गाव सोडलं की फोनला रेंज मिळेलच असं नाही. पेट्रोल आधीच भरा, सुटे पैसे ठेवा. जेवण हॉटेलात न घेता गावातल्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवा: तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा.

दुसऱ्या दिवशी भंडारदऱ्याचं धरण. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं. उंची ८२ मीटर, सगळी दगडी बांधणी. पाणी सोडलेलं असेल तर पायथ्याशी गोल खडकावरून छत्रीसारखं पडतं, त्यालाच अंब्रेला फॉल म्हणतात. ते नशिबावर.

अकोलेकर
गुरुजींनी सगळं सांगितलंच आहे. एवढंच सांगतो, नवरात्रात कळसूबाईची यात्रा असते, त्या दिवसांत डोंगराच्या पायथ्याच्या बारी गावाच्या बाजूला गर्दी होते. तुम्ही राजूरकडून या. आणि राजूरचे पेढे घ्या.

ठाण्याची_मानसी
गुरुजी, काजवे दिसतील का तेव्हा?

गुरुजी_पाणलोट
नाही ताई. काजवे मेअखेर ते जूनचा पहिला जोराचा पाऊस होईपर्यंतच. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर. आलात तर गाडीचे दिवे बंद करा, बॅटरीचा झोत पाडू नका. नर-मादी एकमेकांना त्या उजेडानेच शोधतात. आपला झोत पडला की झाड विझतं. तळ्याकाठी तंबू टाकून रात्रभर गाणी लावणारे आणि फांद्या हलवणारे पाहिले की फार वाईट वाटतं.

रेवती_कोथरूड
जाऊन आलो! गुरुजी, तुमचे किती आभार मानू. साडेनऊला कड्यावर पोचलो तेव्हा समोर नुसतं पांढरं. आई खुर्चीत बसून राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. सव्वाअकराला धुकं तुकड्या-तुकड्याने उठलं. आधी पाणी दिसलं, मग रस्ता. गाव नेमकं ओळखता आलं नाही, पण ती बोटाने दिशा दाखवत राहिली: शाळा इकडे, मामाचं घर तिकडे. चहा विकणारी एक आजी जवळ आली. तिची बहीण खाली चोंढ्याला दिलेली, पूर्वी ही घाटवाटेने पायी जायची. दोघी अर्धा तास बोलत होत्या, कोणती रानभाजी कोण कशी करतं यावर. मुलाने विजेचा प्रश्न अगदी तुम्ही लिहिलात तसाच विचारला.

आता आई म्हणते, दिवाळीनंतर माहेरी जाऊ, खालून पुन्हा बघायचंय. तेव्हा कडा नीट दिसेल का?

गुरुजी_पाणलोट
दिसेल. हवा तोवर स्वच्छ झालेली असते. मात्र खालून बघायला सकाळी नका जाऊ, कडा सावलीत असतो. चारनंतर जा. मावळतीचं ऊन सरळ कड्यावर पडतं.