लिनक्स शिकण्यासाठी कोणते पुस्तक घ्यावे? मदत हवी आहे

पाटीपेन्सिल
मला लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली शिकायची असून त्यासाठी एक चांगले पुस्तक तातडीने हवे आहे. मागच्या महिन्यात घेतलेले पुस्तक साडेआठशे पानांचे आहे, परंतु त्यात सांगितल्याप्रमाणे 'यम इन्स्टॉल' ही आज्ञा अक्षरन् अक्षर ताडून टाइप केली, तरी पडद्यावर 'कमांड नॉट फाउंड' एवढेच उमटते. दुकानदार पुस्तक परत घेत नाही. कृपया एकच नाव सुचवावे, यादी नको.

घाटमाथा
कोणते लिनक्स, हे आपण लिहिलेलेच नाही. 'यम' ही प्रोग्राम बसवण्याची आज्ञा रेड हॅट या लिनक्सच्या कुळातली आहे. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या कुळावर तेच काम 'ॲप्ट' करते. आपले पुस्तक वाईट असेलच असे नाही, ते बहुधा दुसऱ्या कुळासाठी लिहिलेले असावे. लिनक्स घरी वापरायचे आहे की कामावर?

सांजवेळ
विल्यम शॉट्स यांचे 'द लिनक्स कमांड लाइन' निःशंक घ्या. लेखकाच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ मोफत मिळते, त्यामुळे पुन्हा पैसे अडकण्याची भीती नाही. फायलींच्या परवानग्यांचा विषय मला कॉलेजात दोन वर्षे कळला नव्हता, तो या पुस्तकातील प्रकरण हाताने करून पाहिल्यावर एका संध्याकाळी उलगडला.

कुरुंद
सांजवेळ यांच्याशी मी सहमत नाही. आज्ञा पाठ झाल्या म्हणजे यंत्र कळले असे होत नाही. ब्रायन वॉर्ड यांच्या 'हाऊ लिनक्स वर्क्स'ची २०२१ ची तिसरी आवृत्ती घ्यावी. जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, कारण सेवा सुरू आणि बंद करण्याची रीत सिस्टमडी हा सेवा सांभाळणारा प्रोग्राम आल्यापासून पार बदलली आहे.

सांजवेळ
ज्यांना अजून एक आज्ञा चालवता आलेली नाही, त्यांच्या हाती कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, चर्चा देऊन काय साधणार?

रानवाट
विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच संगणकावर ठेवायचे असल्यास आधी विंडोज टाकावे आणि नंतर लिनक्स. उलट केल्यास सुरुवातीचा निवडीचा पडदा नाहीसा होण्याचा संभव असतो.

पाटीपेन्सिल
विंडोजचा प्रश्नच नाही. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमची पुस्तकांची देवघेव 'कोहा' या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर चालते आणि सर्व्हर डेबियनवर आहे. ज्यांनी तो बसवून दिला ते नोकरी सोडून गेले. बावीस हजार पुस्तकांच्या नोंदी त्या एका यंत्रात आहेत आणि त्यांची प्रत कुठे ठेवली जाते हेही मला माहीत नाही. म्हणून घाई आहे.

घाटमाथा
हे पहिल्याच संदेशात यायला हवे होते, मॅडम. आपल्यासाठी 'द डेबियन ॲडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक' योग्य ठरेल. तेही मोफत वाचता येते, आणि प्रत्येक आज्ञा आपल्याच यंत्राच्या कुळातली असल्यामुळे मागच्यासारखी फसगत होणार नाही. सुरुवातीची इतिहासाची प्रकरणे सध्या बाजूला ठेवून पॅकेजे (प्रोग्राम बसवण्याचे तयार संच) आणि बॅकअप यांवरचा भाग आधी वाचावा. शॉट्स यांची पीडीएफ शेजारी असू द्या, त्याबाबत सांजवेळ यांचे म्हणणे रास्त आहे. मात्र पुस्तक येण्याची वाट न पाहता आजच 'व्हार' फोल्डरमधल्या 'स्पूल'मध्ये 'कोहा' नावाचे फोल्डर उघडून पाहा. कोहा डेबियनच्या पॅकेजमधून बसवले असेल, तर रोजच्या प्रती सहसा तिथे पडतात.

कुरुंद
ग्रंथालयाचा सर्व्हर असेल तर मीही आधी डेबियनचेच पुस्तक सांगेन. वॉर्ड नंतर जरूर वाचा. आणखी एक विनंती, सरावाचे प्रयोग त्या सर्व्हरवर करू नका. एखाद्या जुन्या संगणकावर डेबियनची तीच आवृत्ती टाकून त्यावर शिका.

पाटीपेन्सिल
सर्वांचे मनःपूर्वक आभार. फोल्डर सापडले. त्यात फक्त काल आणि आज अशा दोनच तारखांच्या फायली आहेत, आणि त्या त्याच डिस्कवर आहेत. डिस्क बिघडली तर मूळ नोंदी आणि प्रती दोन्ही जातील, असेच ना? या फायली रोज दुसऱ्या संगणकावर आपोआप जाव्यात, हे त्या हँडबुकच्या कोणत्या भागात आहे, तेवढे कृपया सांगावे.

घाटमाथा
होय, दोन्ही जातील. बॅकअपच्या भागात 'आरसिंक' ही फायली दुसऱ्या संगणकावर उतरवणारी आज्ञा शोधा. तोवर आजच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून तो ग्रंथालयाबाहेर ठेवा.