गाडीचा विमा घेताना काय बघता? (पाणी ओसरायच्या आत लिहा)

घोडबंदरकर
सकाळी ठाण्यात वंदना सिनेमापाशी नेहमीचं पाणी. त्यात एक पांढरी हॅचबॅक चाकं बुडेपर्यंत उभी, आणि आतला माणूस सेल्फ मारतोय, मारतोय, मारतोय... एकदम २६ जुलै २००५ नंतरच्या गॅरेजबाहेरच्या रांगा आठवल्या. 'फुल इन्शुरन्स' हा शब्द तेव्हापासून कानाला खटकतो, कारण या नावाचं काही पॉलिसीत छापलेलंच नसतं. असतं ते थर्ड पार्टी (समोरच्याचं नुकसान, कायद्याने सक्तीचं), ओन डॅमेज म्हणजे ओडी (आपल्याच गाडीचं नुकसान, ऐच्छिक), आणि वरून घेतलेली जादा संरक्षणं म्हणजे अ‍ॅड-ऑन. जाणकारांनी लिहा. एजंटचं कौतुक नको, आकडे हवेत.

नट-बोल्ट
सेल्फ मारणाऱ्याला कोणीतरी थांबवा आधी!
इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. साध्या ओडीत पुराचं नुकसान धरतात, म्हणजे सीट, कार्पेट, वायरिंग वगैरे. पण पाण्यात चालू करून इंजिन गेलं तर ते 'परिणामी नुकसान' ठरतं आणि कंपनीचे हात वर. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, आणि तेही सेल्फ मारत बसलात तर वादात सापडतं.
क्रम असा: चावी फिरवायची नाही, पुश बटणाला हात लावायचा नाही. हात पोचत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा. पाण्याची रेष आणि नंबर प्लेट एकाच फोटोत आली पाहिजे. कंपनीला कळवा, क्लेम नंबर घ्या. टोइंग फ्लॅटबेडवरच (गाडी अख्खी वर चढवणारा ट्रक), ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढायची नाही. आणि सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) बघेपर्यंत गॅरेजवाल्याला इंजिन खोलू देऊ नका, मागाहून कारण सिद्ध करता येत नाही.

पामबीचवाली
नवी मुंबईकरांनो हसू नका. भरती आणि धो धो पाऊस एकदम आला की होल्डिंग पाँडही (पावसाचं पाणी साठवायची तळी) पुरत नाहीत. बेसमेंट पार्किंगवाल्यांनी तर इंजिन प्रोटेक्ट घ्याच.

तलावपाळी
माझी ईव्ही. सेल्फच नाही. सुटलो 😄

नट-बोल्ट
@तलावपाळी काका, बॅटरी तळाला असते हे विसरलात. पाणी शिरलं तर बॅटरी आणि चार्जर कशात धरलेत ते पॉलिसीत शोधा, बऱ्याचदा वेगळं अ‍ॅड-ऑन असतं. तुमचा फायदा एवढाच की थर्ड पार्टी प्रीमियममध्ये १५ टक्के सूट.

हिशेबनीस
झिरो डेपचं (क्लेममधून घसारा न कापण्याचं अ‍ॅड-ऑन) गणित कोणी मांडत नाही, मी मांडतो. बंपर बदलला असं धरा. बंपर ८०००, पेंट ६०००, मजुरी २०००, एकूण १६,००० (जीएसटी सोडून).
प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर गाडी कालची असली तरी ५० टक्के घसारा. म्हणजे बंपरचे ४००० गेले. पेंटमध्ये मटेरियल एकूण पेंट बिलाच्या २५ टक्के धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे ७५०. मजुरी पूर्ण मिळते. वर सक्तीची वजावट १००० (१५०० सीसीच्या वर २०००). तुमच्या खिशातून ५७५०. झिरो डेप असतं तर फक्त १०००.
काचेवर घसारा नाही. पत्र्यावर पहिले सहा महिने शून्य, पुढे वाढत वाढत पाचव्या वर्षी ३५ टक्के.
आणि झिरो डेप म्हणजे सगळं फुकट नव्हे हं! ऑइल, कूलंट, ग्रीस, स्क्रू यांना 'कन्झ्युमेबल्स' लागतं. वर्षाला किती झिरो डेप क्लेम चालतात तेही वाचा, बऱ्याच ठिकाणी दोनच.

सेक्टर सतरा
गाडी सहा वर्षांची आहे, झिरो डेप मिळतच नाही म्हणतात. खरं का? (कुकरची शिट्टी होतेय, नंतर वाचते)

हिशेबनीस
ताई, बऱ्याच कंपन्या पाच वर्षांवर थांबतात, काही पुढेही देतात. दोन-तीन ठिकाणी विचारा. पण प्रीमियमचे दर मागताना आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) सगळीकडे एकच टाका, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. प्रीमियम स्वस्त दाखवायला आयडीव्हीच खाली ओढतात, ही जुनी युक्ती. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की हिशेब आयडीव्हीवरच होतो, तेव्हा वाचवलेले सातशे रुपये फार महागात पडतात.

घोडबंदरकर
गायमुखला सव्वा तास झाला, गाडी जागची हलत नाहीये. इथे ओडी कशाला, पार्किंगचा विमा द्या.

तलावपाळी
मागून टेम्पो येईल तेव्हा कळेल कशाला 😂

कोपरीचा मास्तर
क्लेम कधी *करू नये* तेही सांगा कोणी. लोक चार हजारांच्या ओरखड्यासाठी एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल ओडी प्रीमियमवर मिळणारी सूट) घालवतात.
एनसीबीची पायरी, टक्क्यांत: २०, २५, ३५, ४५, ५०. समजा ओडी प्रीमियम सूट धरायच्या आधी १०,००० आणि तुम्ही ३५ टक्क्यांवर आहात. क्लेम नाही केला तर पुढच्या वर्षी ४५, मग ५० आणि ५०च. केला तर ०, २०, २५, ३५, ४५, मग ५०. वर्षागणिक फरक ४५००, ३०००, २५००, १५००, ५००. बेरीज १२,०००, वर १८ टक्के जीएसटी. (ओडी दरवर्षी थोडा उतरतो, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी.) म्हणजे दहा-बारा हजारांच्या आतलं डेंट-पेंट रोखीने करा.
मुदत संपून ९० दिवस उलटले तर एनसीबी शून्य, क्लेम केलेला नसला तरी.

सेक्टर सतरा
+१. आणि एनसीबी गाडीची नाही, मालकाची! गाडी विकताना पत्र घ्या, तीन वर्षं चालतं.

पामबीचवाली
जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी: एमएच ०४ (ठाणे) ची एमएच ४३ (नवी मुंबई) मध्ये आणा किंवा आणू नका, पण गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विम्यावरही नाव बदलायला अर्ज करा. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतं, ओडी येत नाही. आधीच्या मालकाच्या नावावर ओडी क्लेम अडकतो.
बाहेरून सीएनजी किट बसवलं तर आधी आरसीवर नोंद, मग पॉलिसीवर. कंपनी फिटेडचीही पॉलिसीत 'पेट्रोल' अशीच नोंद आहे का बघा, ही चूक सर्रास होते.

नट-बोल्ट
पांढऱ्या पाटीवर भाडी मारणाऱ्यांनी इथेच थांबावं. अपघाताच्या वेळी भाडं होतं हे निघालं की ओडी क्लेम नाकारतात.

सून ठाण्याची
थर्ड पार्टीत फरक असतो का कंपनीगणिक? सासरे विचारतायत

कोपरीचा मास्तर
नाही. दर सरकार ठरवतं. जून २०२२ ला ठरलेले: १००० सीसीपर्यंत २०९४, १५०० पर्यंत ३४१६, त्यावर ७८९७, जीएसटी वेगळा. समोरच्याच्या मालमत्तेला मर्यादा साडेसात लाख, मृत्यू-दुखापतीला मर्यादा नाही. विमाच नसेल तर पहिल्यांदा २००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.
सासऱ्यांना सांगा, १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल तर प्रत्येक गाडीबरोबर तो पुन्हा घ्यायचा नाही. घोषणापत्र लिहून द्यायचं, ते पैसे वाचतात.

सून ठाण्याची
वाचून दाखवलं. म्हणतात, मास्तर हुशार आहे. 🙏

हिशेबनीस
कंपनीने अडवलं तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत. ठाण्यातच ऑफिस आहे, मुंबईला धावायला नको.

तलावपाळी
@घोडबंदरकर त्या हॅचबॅकचं काय झालं?

घोडबंदरकर
अजून गायमुखलाच आहे हो मी. वंदनापाशी कोण आहे?

सून ठाण्याची
पाणी गुडघ्यापर्यंत आलंय. गाडी तिथेच, माणूस छत्री घेऊन डिव्हायडरवर बसलाय.